दोष क्रमांक तीन

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. तुम्ही उभयता सुखरूप पोचलात हे कळून बरे वाटले. जाताना तू माझ्या स्वयंपाकघरातील डबे ‘सोयीच्या’ क्रमाने लावून गेलीस. ती सोय नेमकी कोणाची, हे अद्याप उलगडलेले नाही. चार दिवस मी मिठाचा चहा प्यायलो आणि पाचव्या दिवशी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटविली.

आता मुख्य विषय. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहून सायकल सोडण्याचे फर्मान काढले, तेव्हा ती अख्खी न विकता सुटी करून विकावी असे मी ठरविले, हे तू पाहूनच गेलीस. अख्ख्या वस्तूत चांगला भाग वाईट भागाला पाठीशी घालतो. सुटा भाग मात्र टेबलावर एकटा पडतो आणि त्याला स्वतःबद्दल खरे तेच सांगावे लागते. म्हणून मी प्रत्येक भागाला त्याच्या दोषांची चिठ्ठी बांधली आणि वाचनालयाच्या फलकावर जाहिरात लावली. हँडल आणि सीट दोन दिवसांत गेली, बाकीचे भाग त्यांच्या मागोमाग. पुढचे चाक तेवढे खिडकीशी टांगलेले राहिले. दुपारचे ऊन त्याच्या तारांतून आत आले की समोरच्या भिंतीवर एक मोठे, फिकट चाक उमटे, आणि वाऱ्याची झुळूक आली की ते कोठेतरी निघाल्यासारखे सावकाश फिरू लागे. इतके सावकाश फिरणारे चाक आवाज करीत नाही. जेवणानंतर खुर्चीत पडून मी ते पाहत असे, आणि कितीतरी वेळ कोणताच विचार मनात येत नसे.

त्याची चिठ्ठी तुला ठाऊक आहे. दोष पहिला: रिमवर तीन ठिकाणी गंज, प्रत्येक टाचणीच्या डोक्याएवढा. दोष दुसरा: एक तार इतरांहून नवी. दोष तिसरा: वेगाने फिरताना दर दोन फेऱ्यांस एकदा ‘टक्’ असा आवाज, हा आवाज एकतीस वर्षांपूर्वी चाक विकत घेतले तेव्हापासूनचा असून मूळ विक्रेत्याने तो लपविला होता.

गेल्या महिन्याच्या अखेरीस एक पुस्तकबांधणी करणारी बाई आली. वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस, बोटांच्या टोकांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे. तिने चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिसऱ्या दोषावर बोट ठेवून, हा आवाज अजून येतो का, असे विचारले. फिरवून पाहा म्हटले, तर म्हणाली, इथे नको, घरी फिरवीन. मग तिने ते चाक एखाद्या अवाढव्य ग्रंथासारखे कागदात गुंडाळले आणि नेले.

आठ दिवसांनी ती तक्रार घेऊन दारात हजर! तक्रार अशी, की चिठ्ठीत तीन दोष लिहिले आहेत आणि तिला दोनच मिळाले. आवाज येत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात, दोष कमी पडला म्हणून माझ्याशी कोणी भांडलेले मला आठवत नाही. चाक परत घेतो म्हटले; ते तिला नको. तिला आवाज हवा आहे. अखेर मी तिला सुचविले, की शांत खोलीत बसावे आणि नीट कान देऊन ऐकावे. त्यावर ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि जिना उतरून गेली.

माझा लिखित शब्द खोटा ठरविणारी ही पहिलीच व्यक्ती. तू काय म्हणतेस ते कळव. घड्याळजींना नमस्कार सांग.

तुझा लोभ मागावा लागत नाही, ही माझी एक चैन आहे. ती चालू राहो.

तुझा,
दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. मिठाच्या चहाचं वाचून हे इतके हसले की त्यांच्या डोळ्यावरचं भिंग सुटून वाटीत पडलं. चार दिवस प्यायलास, दादा! पहिल्या घोटाला डबा बदलावा, हे सुचलं नाही का?

आता हसू आवरून कबुलीजबाब देते. रागवायचं असेल तर आधी पाणी पिऊन घे.

आम्ही तुझ्याकडे होतो तेव्हा, तू दुपारी खुर्चीत डोळे मिटून ‘विचार करत’ होतास (झोपलास म्हटलेलं तुला चालत नाही), त्या वेळी यांनी ते चाक खाली काढलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळात टकटक असावी आणि इतर कशातही नसावी, असं त्यांचं साधं मत आहे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून यांनी चाकाचा मधला भाग उघडला. आत एका बाजूला मिरीएवढे दहा पोलादी छर्रे होते, त्यांतल्या एकाला टवका गेलेला. तो काढून त्याच्या जागी नवा घातला, वंगण भरलं आणि चाक होतं तिथे टांगलं. मी दाराशी पहारा देत होते. सत्तरीत चोरासारखं उभं राहायची मजा काही औरच.

तुला सांगितलं नाही, कारण तू चिठ्ठी लिहून शाई वाळत ठेवली होतीस. मूळ विक्रेत्याने लपविला होता, हे शेवटचं वाक्य तुला इतकं आवडलं होतं की ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलंस. ते खोड असं तुला कोण सांगणार? मला वाटलं, घेणाऱ्याला एक दोष कमी मिळाला तर तो खूशच होईल. कमी भरला म्हणून भांडायला येणारं गिऱ्हाईक फक्त तुझ्याच नशिबी.

पण दादा, एक विचारू? एकतीस वर्षं तू तो आवाज ऐकत सायकल चालवलीस. उघडून का नाही पाहिलंस? मागे एकदा मी विचारलं तेव्हा, ज्याचा दोष त्यानेच निस्तरावा, असं तू ऐटीत म्हणाला होतास. वहिनी होती तेव्हा ती म्हणायची, हा चाकाचा आवाज नव्हे, हा यांनी जपून ठेवलेला राग आहे, दोन फेऱ्यांनी एकदा वाजतो.

आणि त्या बाईला तो आवाज कशाला हवा आहे, हे तू विचारलंसच नाहीस. सगळं पत्र मी पुन्हा वाचलं, कुठेही नाही. जा आणि आधी ते विचार.

माया आहेच. फक्त तिच्यावर चिठ्ठी चिकटवू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. दुरुस्ती करावी आणि नोंद करू नये, हे घड्याळजींसारख्या काटेकोर माणसाला शोभले नाही. पाणी प्यायलो, तरीही राग यायचा तेवढा आला.

तथापि चूक कळल्यावर ती दुरुस्त करणे माझे कर्तव्य होते. मी नवी चिठ्ठी लिहिली, ‘दोष तिसरा: विक्रेत्याच्या नकळत, विक्रीपूर्वी दूर झालेला’, आणि ती घेऊन बाईंच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कागदाच्या थप्प्या, मध्ये लोखंडी दाबयंत्र, आणि उंच खिडकीतून येणाऱ्या उजेडात कागदाची धूळ अशी तरंगत होती की आपण पाण्याखाली चालत आहोत असे वाटावे. आतले सगळे आवाज कागद पिऊन टाकतो. माझी काठीही तेथे वाजली नाही.

तिने चिठ्ठी वाचली, कपाटातून पुठ्ठ्यावर डकविलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. अक्षर पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की किती सुरेख, एकसारख्या उंचीचे अक्षर. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. ते माझे होते.

ती त्या चाकवाल्याची मुलगी आहे. एकतीस वर्षांपूर्वी मी ज्याच्याकडून ते चाक घेतले, त्याची. तो गृहस्थ नोकरी सांभाळून घरी जुन्या सुट्या भागांची चाके बांधीत असे. मापाचे कोणतेही साधन न वापरता तो एकेक तार बोटाने छेडी, कानाने ऐके आणि सगळ्या तारा एका सुरात आल्या की चाक सरळ झाले असे मानी. त्याने चाक देताना ते मुके आहे, असे मला सांगितले होते. तीन दिवसांनी मला आवाज ऐकू आला. मी त्याला भेटलो नाही. पत्र लिहून त्याच्या दारात दिले. ते बारा वर्षांच्या एका मुलीने घेतले होते, ती हीच. पत्राचा शेवट तुला उतरवून पाठवितो: ‘हा आवाज आपल्यास ऐकू आला नसेल, तर यापुढे आपण चाकाआधी स्वतःचा कान तपासून घ्यावा. ऐकू आला असेल, तर काय तपासावे हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.’

तेव्हा हे वाक्य मी तीन वेळा घासूनपुसून सिद्ध केले होते.

चाक आणून दाखवा, मला एकदा ऐकू द्या, असा निरोप त्याने दोनदा धाडला होता. मी नेले नाही. मला ऐकू येते तेवढे पुरे आहे, असे मी कळविले. ती म्हणाली, की बाबांनी स्वतःला लबाड मानणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या कानाला दोष दिला. त्यानंतर त्यांनी एकही चाक बांधले नाही. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आता त्यांना खरोखरच जवळजवळ काही ऐकू येत नाही. वाचनालयात माझ्या जाहिरातीचे अक्षर ओळखून ती चाक घेऊन गेली, ती एवढ्यासाठी, की त्यांनी तो आवाज एकदा अनुभवावा आणि मनातून काढून टाकावा. चाकाची आस जबड्याच्या हाडाला टेकवून ते दोन संध्याकाळी बसले. हाडातून त्यांना अजून कळते म्हणे. काही कळले नाही. तिने सांगितले, बाबा, मलाही ऐकू येत नाही, आवाज नाहीच. त्यांनी तिचा हात थोपटला. मुलगी आपली समजूत घालते आहे, असे त्यांनी धरून ठेवले आहे.

मी म्हणालो, आवाज होता हे आता सिद्ध झाले आहे. छर्ऱ्याला टवका गेलेला होता. तिने विचारले, म्हणजे बाबांना त्या दिवशीही ऐकू आले नव्हते, असेच ना? वस्तुस्थिती तसे दर्शविते, असे मी म्हणालो. तिने समोरची कागदांची चळत चारही बाजूंनी ठोकून सरळ केली, बराच वेळ, ती आधीच सरळ असताना. मग एवढेच म्हणाली, की तो छर्रा असेल तर द्या. बोटाला लागला म्हणजे तरी ते शोधायचे थांबतील.

तरी घड्याळजींनी तो फेकला नसल्यास पाठवून द्यावा. बाकी, त्या पत्राचे शेवटचे वाक्य अनावश्यक होते, हे मला मान्य आहे.

तुमच्या दोघांच्या लोभावर माझा हक्क आहे, असे समजून लिहिले आहे.

तुझा,
दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. छर्रा सोबत पाठवते आहे, औषधाच्या रिकाम्या कुपीत, कापसात गुंडाळून. हे काही फेकत नाहीत. आमच्याकडे एका बाटलीत नुसते तुटलेले सेकंदकाटे आहेत.

कुपीत घालण्याआधी यांनी तो उजेडात धरला. मग मोजायचं उपकरण काढलं. दोनदा मोजला, भिंग लावून पाहिला. मी तीनदा विचारल्यावर बोलले. हे म्हणतात, चाक उघडलं तेव्हा बाकीचे नऊ छर्रे एकाच घडणीचे होते, एकसारखे झिजलेले, एका आईची लेकरं असावीत तसे. हा दहावा त्यांच्यातला नाही. केसभर मोठा आहे. मोठा म्हणून सगळा भार त्याच्यावर आला, दर दोन फेऱ्यांना तो अडून वाजला, आणि शेवटी त्यालाच टवका गेला. ज्याने तारा एका सुरात बांधल्या, तो माणूस नवांत हा परका दहावा घालणार नाही, असं यांचं म्हणणं. हा मागाहून कुणीतरी घातला आहे.

हे लिहू नकोस असं यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, दादाला लिहिलेलं लागतं, पण न लिहिलेलं जास्त लागतं.

दादा, माझ्या लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ तू त्याच दिवशी उघडलं होतंस, आठवतं? मांडवात! नवरदेव घड्याळजी, आणि तू त्यांच्यासमोर सगळी चाकं रुमालावर मांडून बसलास. वहिनीचं शिवणयंत्र घरात आलं, त्याला दोरा ओवायच्या आधी तू त्याला तेल दिलंस. माझ्या मुलीची बाहुलीसुद्धा तू उघडून पाहिलीस, आणि ती रडली तेव्हा, आतलं समजून घेतल्याशिवाय वस्तू आपली होत नाही, असं त्या पोरीला समजावत होतास. घरात आलेली कुठली वस्तू तू पहिल्या दिवशी उघडली नाहीस, ते मला आठवत नाही. मी फार विचार केला. आठवत नाही.

तुझ्या नोंदवह्या अजून कपाटात वरच्या फळीवर आहेत ना?

रागावलास तरी पत्र लिही. माझी माया त्यासाठी अडून राहणार नाही.

तुझी,
धाकटी


ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. वह्या तेथेच होत्या. त्या वर्षाची वही काढली. दोन नोंदी आहेत, एकीखाली एक, मध्ये रिकामी ओळसुद्धा नाही.

‘१९ ऑगस्ट. पुढचे चाक आणले. सायंकाळी उघडून स्वच्छ केले, वंगण भरले. डाव्या बाजूचा एक छर्रा घरंगळला, सापडला नाही, डब्यातील घातला.’

‘२२ ऑगस्ट. चाकात दर दोन फेऱ्यांस आवाज. विक्रेत्याने दोष लपविला आहे. पत्र देणे.’

अक्षर चांगले आहे. शाईही उडालेली नाही. धाकटे, मी ही वही आजवर निदान वीस वेळा चाळली असेन. इतर काही शोधताना हे पान हाताखालून गेले असेल. या दोन नोंदी मी कधीही एका दमात वाचल्या नाहीत. उघडून स्वच्छ करणे याला मी कधी ‘हात लावणे’ मानलेच नाही. माझ्या हातून वस्तू सुधारते, एवढेच मला माहीत होते.

काल दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. खिडकीशी आता चाक नाही, तरी भिंतीवर ते फिकट वर्तुळ मला दिसत राहिले. ते फिरत होते आणि त्याच्या मध्यभागी कोणीतरी कान लावून बसले होते. मी झोपलो होतो, हे या वेळी मान्य करतो.

त्या गृहस्थांना पत्र लिहिण्यास बसलो. चार मसुदे झाले. चारही निर्दोष आहेत, आणि चारही वाचताना मला त्या जुन्या पत्राचाच आवाज ऐकू येतो. पाचवा लिहावा, की मुलीला भेटून तिच्याकरवी कळवावे, हे सुचत नाही. तू सुचव.

आज तुझ्या लोभाची मला नेहमीपेक्षा अधिक गरज आहे.

तुझा,
दादा


ता. २८ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पाचवा मसुदा लिहू नकोस. त्यांना एकदा तुझं पत्र मिळालं आहे, तेवढं पुरे.

मुलीकरवी तर मुळीच कळवू नकोस. एकतीस वर्षांपूर्वी पत्र तिच्याच हातात दिलं होतंस; आता निरोपही तिच्याच गळ्यात घालणार? आणि तिने सांगितलं तर ते पुन्हा तिचा हात थोपटतील आणि म्हणतील, पोर समजूत घालते आहे. तू म्हणालास तरच त्यांना खरं वाटेल, कारण तू त्यांचं सांत्वन करणार नाहीस, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

त्यांना ऐकू येत नाही, म्हणजे तुझी वाक्यं तिथे चालायची नाहीत. बरंच झालं. छर्रा घेऊन जा. हातांनी काम केलेल्या माणसाला हातात दिलेलं कळतं, हे मी पन्नास वर्षं पाहते आहे.

यांनी सोबत बाकीच्या नऊ छर्ऱ्यांच्या मापाचा एक चांगला छर्रा पाठवला आहे, कागदाच्या पुडीत. काम करताना एखादा घरंगळलाच तर. हे वाक्य यांचं आहे, माझं नव्हे.

जा, दादा. माझी माया बरोबर घेऊन जा, वजन काही होत नाही.

तुझी,
धाकटी


ता. ४ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अ. उ. आ. काल सकाळी दहा वाजता गेलो. कारखान्याच्या मागे त्यांची खोली आहे. छताला आकड्यांवर रिकाम्या रिमा टांगलेल्या आहेत, तारा नसलेल्या, वीस-पंचवीस तरी असतील. मुलीने दार उघडले तसा वारा आत गेला आणि त्या सगळ्या एकदम हळूच वळल्या, जणू कोण आले ते पाहण्यासाठी. खाली पलंगावर ते बसले होते, मांडीवर ते चाक. अंगाने फार बारीक झाले आहेत. मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता, हे मला तेथे उभे राहिल्यावर कळले. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

मुलीने त्यांच्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, की आलात का, बसा, मला अजून सापडला नाही हो तुमचा आवाज. त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच क्षमा मागत होते.

मी तयार केलेले वाक्य बोलण्यास तोंड उघडले आणि मिटले. कुपी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी छर्रा बोटांत फिरविला. टवक्यावर नख थांबले. मग त्यांनी मुलीकडून पाना मागितला, पलंगावर फडके पसरले आणि चाक उघडले. हात थरथरतात, परंतु पान्यावर बसले की थरथरत नाहीत. डाव्या बाजूचे दहाही छर्रे त्यांनी फडक्यावर काढले आणि डोळे मिटून एकेक बोटाखाली घोळवून पाहिला. घड्याळजींनी घातलेला त्यांनी लगेच ओळखला. हा नवा आहे पण नात्यातला आहे, असे म्हणाले. ते घड्याळजींना अवश्य सांग. मग टवक्याचा घेतला. तो अर्धा घोळवूनच नखाने बाजूला सारला, जसा माणूस ताटातला खडा सारतो. त्यांनी विचारले, हा कोणाचा?

मी माझ्या छातीवर हात ठेवला.

त्यांना कळले नाही असे वाटून मी नोंदवही उघडू लागलो. त्यांनी हातानेच नको म्हटले. केव्हा घातला, का घातला, हे काहीही त्यांनी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की म्हणजे मी दिले त्या दिवशी चाक मुके होते ना? मी होकारार्थी मान हलविली. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा हलविली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि माझ्याच मानेवर ठेवला, म्हणजे हललेली त्यांना कळावी. काही वेळ तो हात तेथेच राहिला. फार हलका होता.

मग ते वर, छताच्या रिमांकडे पाहत म्हणाले, की म्हणजे मला नीट ऐकू येत होते. ते मला उद्देशून नव्हते. मुलगी पाण्याचा तांब्या आणते म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. दाबयंत्राचा दांडा फिरविल्याचा आवाज येत राहिला; त्यात कागद नसावा.

क्षमा करा असे मी म्हटले. त्यांना ऐकू आले नाही. मी पुन्हा म्हटले नाही. कारण तोपर्यंत त्यांनी दहा छर्रे पुन्हा बसविले होते, वंगण भरले होते आणि चाक खिडकीपाशी दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवून फिरविले होते. तारा विरघळून गेल्या. सकाळच्या उजेडात नुसती एक चकाकी गोल गोल जात राहिली, कोणताही आवाज न करता, आणि आम्ही दोघे ती थांबेपर्यंत पाहत बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिले नाही.

थांबल्यावर त्यांनी रिमवरून अंगठा फिरविला आणि नाक मुरडले. तारा ढिल्या पडल्या आहेत म्हणाले. एकतीस वर्षांत एकदाही आवळल्या नाहीत, हे काय चाक वापरणे झाले? मला चक्क दटावले. मग पाना उजव्या हातात घेतला, डाव्या हाताने एक तार छेडली आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. मला अर्थबोध झाला नाही. त्यांनी अधीरपणे स्वतःच्या कानावर टिचकी मारून नकारार्थी हात हलविला आणि माझ्या कानाकडे बोट केले.

मी ऐकले. त्यांनी शेजारची छेडली. तीही ऐकली. ही दुसरी किंचित खाली होती. मी बोट खाली केले. त्यांनी पाना पाव वळसा फिरविला आणि पुन्हा छेडली. अजून खाली. पुन्हा पाव वळसा. आता दोन्ही एक झाल्या आहेत असे मला वाटले, परंतु मी चटकन मान हलविली नाही. पुन्हा छेडा, अशी खूण केली. त्यांनी छेडली. मी डोळे मिटून ऐकले, आणि मग मान हलविली.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर निरखून पाहिले, आणि तार पुन्हा न तपासता पुढच्या तारेकडे वळले.

बत्तीसांपैकी अकरा झाल्या. उद्या सकाळी पुन्हा बोलाविले आहे, म्हणून हे पत्र येथेच थांबवितो. लवकर निजले पाहिजे, कान ताजा हवा.

तुझ्या मायेने येथवर आणले आहे. ती पुढेही असू दे.

तुझा,
दादा